भिंतीची नाडी

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी आमच्या गावची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, झाली, की तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शेजारचे काकाजी आमच्या घरी येत. चपला ओट्याखाली काढत आणि कोणाशी न बोलता सरळ मधल्या खोलीत जाऊन पूर्वेच्या भिंतीसमोर उभे राहत. हातात टॉर्च, शर्टाच्या खिशात सुतळीसकट ओळंबा. ओळंब्याच्या वजनानं त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे लोंबलेले असत. नव्या शर्टाचा खिसा लोंबायला साधारण दोन आठवडे लागत.

"आले पाहा तुमचे वैद्य," बायको स्वयंपाकघरातून म्हणायची. "भितीची नाडी पाहाले."

काकाजींना ते ऐकू जाई. ते नुसतं म्हणत, "सूनबाई, चहा नाडी पाहून झाल्यावर. आधी प्यालो तर माहाच हात हलते."

त्या भिंतीला एक तडा आहे. लांबी एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर. वरच्या टोकाला रुंदी सहा मिलिमीटर, खाली येता येता दोन. हे आकडे मी स्वतः मोजलेले आहेत. वीज खात्यात मीटरचं रीडिंग घेण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे डोळ्यानं पाहून 'अंदाजे' म्हणणं मला जमत नाही. काकाजी मला सगळ्यात जास्त याच कारणासाठी मानत असावेत. बाकी माझ्यात त्यांना मानण्यासारखं काही नव्हतं, आणि तसं ते बोलूनही दाखवत.

तड्यावर आडव्या पाच काचा चिकटवलेल्या आहेत. फोटो फ्रेमवाल्याकडून कापून आणलेल्या, बोटभर रुंद आणि वीतभर लांब. दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा. प्रत्येक काचेवर कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख, काळ्या रंगानं, बारीक ब्रशनं. युक्ती साधी आहे. भिंत सरकली, तडा रुंदावला, की काच ताणली जाते आणि फुटते. काच ताणाला लाजत नाही, लवत नाही, सरळ तुटते. काच शाबूत, म्हणजे भिंत जिथल्या तिथं.

"तडा काही वाईट नसते, बापू," काकाजी मला सांगत. मला ते नेहमी बापूच म्हणत. "कोणाच्या घरी तडा नाई? वाईट असते चालणारा तडा. थांबलेल्या तड्याले राहू द्याचं, त्याच्यावर नजर ठेवाची."

पोळ्याचा तिसरा दिवसच का, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मला अजून पाठ आहे. "पावसानं भित भिजून फुगली असते. गोटमारीले तुह्या घरी पाहुणे येतात. मागच्या साली मी मोजले, सव्वीस होते. सव्वीस लोकं जेवून, आडवे होऊन, माडीवर चढून-उतरून गेले अन् तरी भित हलली नाई, तं साल निघते."

मी नंतर मोजले. अठ्ठावीस होते. त्यांनी पाळण्यातली दोन धरली नव्हती.

आमची गल्ली पांढुर्ण्याच्या जुन्या वस्तीत, स्टेशनपासून सव्वा किलोमीटरवर. ओळीनं सात घरं आहेत. सात घरं, पण पुढची ओसरी एकच, सलग, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, एकच उतरतं छप्पर. ओसरीला सागाचे अठ्ठावीस खांब, आणि छपराच्या कडेला लाकडात कापलेली झालर या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन घरांत मिळून एक. आमचं घर सातवं, म्हणजे शेवटचं. पूर्वी आठ घरं होती. आठवं काकाजींचं.

इथं गल्लीतला सगळ्यात जुना विनोद सांगायला हवा. जुन्या घरांसाठी गावभर भांडणारे काकाजी स्वतः स्लॅबच्या घरात राहत. गल्लीतली पहिली स्लॅब त्यांनीच टाकली होती, तरुणपणी, सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून नुकते लागले तेव्हा. वडिलांचं घर पाडलं, झालर काढली, चार खांब विकले आणि एक चौकोनी डबा उभा केला. तो डबा पहिल्याच पावसाळ्यात गळला आणि त्यानंतर एकही पावसाळा त्यानं चुकवला नाही. आत तीन ठिकाणी बादल्या असत, आणि पलंगाच्या खांबाला छत्री बांधलेली असे.

"काकाजी, तुमची स्लॅब गळून राहिली," कोणी ना कोणी ओरडायचंच.

"गळन नाई तं काय करन?" ते शांतपणे म्हणत. "मी बांधली."

पावसाळ्यातल्या दुपारी ते आमच्या ओसरीत येऊन बसत. कवेलूंवरच्या पावसाचा आवाज ऐकत आणि कुठलं कवेलू सरकलं आहे ते आवाजावरून सांगत. तीनदा मी शिडी लावून पाहिलं. दोनदा बरोबर निघालं. तिसऱ्यांदा तिथं माकड बसलेलं होतं.

रस्त्यानं चालताना ते गल्लीच्या बरोबर मधून चालत, मान वर करून, छपराच्या कडा पाहत. त्यामुळे मोटारसायकलवाले त्यांच्या अंगावर येत आणि शिव्या देत. "लोकं खाली पाहून चालतात ना, म्हणून घरं पडतात," हे त्यांचं उत्तर. मग समोरच्या खांबावर बोटांच्या गाठींनी ठोकत, टरबूज ठोकावं तसं, कान लावत, आणि पुढं जात. खांबाला आधी भेटत, खांबाच्या मालकाला नंतर. चौथ्या घरातल्या सिस्टरबाई सरकारी दवाखान्यातून रात्रपाळी करून येत. त्यांनी एकदा ऐकवलं, "काकाजी, खांबाले विचारलं, आता माहीही तब्येत विचारा." काकाजी म्हणाले, "तू ठीक दिसून राहिली बाई. याले बुडापाशी वाळवी लागली आहे." सिस्टरबाईंनी त्या दिवशी झोप सोडून खांबाच्या बुडाशी औषध टाकलं, हेही खरं.

ओळीतल्या दुसऱ्या घरवाल्यानं एका दिवाळीत भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं. काकाजी तीन दिवस त्या भिंतीसमोरून जाताना मान फिरवत. चौथ्या दिवशी राहवलं नाही. "मातीच्या भितीले सिमेंटचा कोट म्हंजे उन्हाळ्यात माणसाले रबराचा कोट," ते म्हणाले. "घाम आतच राहीन." पुढच्या पावसाळ्यात आतल्या बाजूनं चुन्याचे पोपडे सुटले, कमरेइतक्या उंचीपर्यंत. घरवाला शहाणा निघाला. काही न बोलता त्यानं लोधीखेड्याहून चुन्याचं काम जाणणारा म्हातारा कारागीर आणला आणि प्लास्टर उतरवलं. काकाजींनी "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. मात्र त्या कारागिराला जेवायला स्वतःच्या घरी नेलं आणि बादलीशेजारी बसवून, आपल्या पापाचं गळणं दाखवत वाढलं.

मला ते एकदा बसनं सौंसरला घेऊन गेले. काही काम असेल असं मला वाटलं. बस स्टँडवरून एका गल्लीत नेलं. तिथं आमच्यासारखीच एक ओळ होती, मधलं एक घर काढलेलं, आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंतींना आधाराला लाकडाच्या बल्ल्या तिरप्या टेकवलेल्या. काकाजी रिकाम्या जागेसमोर पाच मिनिटं उभे राहिले.

"काय दिसते?" त्यांनी विचारलं.

"एक घर नाही."

"अन्?"

मी बल्ल्या मोजल्या. "अकरा बल्ल्या."

"हाव," ते खूश होऊन म्हणाले. "एक घर निंघालं तं अकरा बल्ल्या लागल्या. घरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असतात, बापू. एकाले काढलं का दोघंही झोकांड्या खातात." मग आम्ही संत्री घेतली आणि परतीची बस पकडली. काम एवढंच होतं. जाऊन-येऊन सगळा दिवस गेला.

हे सगळं गमतीचं चाललं होतं, तोवर आम्हीच घर पाडायचं ठरवलं.

कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. संडास परसात, घरापासून बावीस पावलांवर. आईचे गुडघे गेलेले. तिला ती बावीस पावलं जायला सात मिनिटं लागत, पावसात जास्त. मिरच्या, गहू, वड्या वाळवायला सपाट जागा नाही. वरून दरवर्षी कवेलू फेरायचे, म्हणजे उतरवून पुन्हा रचायचे. बायकोनं पंचवीस वर्षं एका शब्दानं तक्रार केली नव्हती, असं मी म्हणणार नाही. केली होती, पण हसत केली होती. त्या वर्षी आई परसात घसरून पडली, आणि बायकोचं हसणं बंद झालं.

"मले झालर नाई पाहिजे," ती म्हणाली. "मले आईसाठी घरात संडास पाहिजे अन् वर स्लॅब. तुमच्या काकाजीले म्हणा, खांब घेऊन जा अन् घरी पूजा करा त्यायची."

ओळीतलं घर पाडायला बाकीच्या सहा घरांच्या सह्या हव्या होत्या. चार मिळाल्या. सिस्टरबाईंनी आणि दुसऱ्या घरवाल्यानं दिल्या नाहीत. मग कोणीतरी सुचवलं की घर धोकादायक असल्याचा इंजिनियरचा दाखला घेतला तर सह्यांचा प्रश्नच येत नाही. भिंतीला एवढा मोठा तडा आहे, दाखला हसत मिळेल. छिंदवाड्याच्या एका तरुण इंजिनियरनं सोमवारी यायचं कबूल केलं.

मी स्वतः काकाजींना जाऊन सांगितलं. लपवून करायचं नव्हतं. ते बादली रिकामी करत होते.

"सोमवारी मीही येतो," ते म्हणाले. एवढंच. थोड्या वेळानं म्हणाले, "पाचही काचा शाबूत आहेत. साहेब काय पाहीन?"

रविवारी मी आणि माझा मेहुणा मधली खोली रिकामी करायला लागलो. पूर्वेच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट होतं, साडेसहा फूट उंच. कपडे काढून उचलायला हवं होतं. आम्ही आळस केला आणि भरलेलं कपाट घसटत नेलं. वळवताना त्याचा वरचा कोपरा भिंतीला लागला. बारीकसा आवाज झाला, बांगडी फुटावी तसा.

तीन नंबरची काच मधोमध फुटली होती.

आवाजानं बायकोही आली; आम्ही तिघं पाहत उभे राहिलो. मेहुणा म्हणाला, "आता?"  बायको म्हणाली, "फुटली तं फुटली. साहेबाले उद्या तेच पाह्याचं आहे. आपण काई बोलाचं नाई, अन् खोटंही बोलाचं नाई."

मी त्यावर हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. जवळ जाऊन फुटलेली काच पाहिली. दोन तुकडे एकमेकांना टेकलेले होते, मधे कागदही जाणार नाही इतके. तडा रुंदावून फुटली असती तर तुकडे ओढले जाऊन मधे फट पडली असती. हे मला काकाजींनीच शिकवलं होतं. म्हणजे पाहणाऱ्याला ते दिसणार होतं. मी स्वतःला सांगितलं, दिसेल त्याला दिसेल.

सोमवारी इंजिनियर आला. चांगला मुलगा होता, घाईत होता. त्यानं तडा पाहिला, फुटलेली काच पाहिली, आणि विचारलं, "ये ग्लास किसने लगाया?"

"मी," दारातून काकाजी म्हणाले. धोतर धुतलेलं, शर्टाला इस्त्री, खिसा लोंबलेला. परीक्षेला आल्यासारखे.

"फिर तो आपको पता ही है. टूट गया मतलब दीवार चल रही है," इंजिनियर म्हणाला आणि लिहायला बसला.

काकाजी भिंतीपाशी गेले. त्यांना तेव्हा मोतीबिंदू झालेला होता, ऑपरेशन व्हायचं होतं. टॉर्च लावली. पहिली काच, दुसरी काच. तिसऱ्या काचेवर बोट फिरवलं आणि बोट मधेच थांबलं. पुन्हा फिरवलं. चौथ्या-पाचव्या काचेपर्यंत ते गेलेच नाहीत. 

त्यांनी वाद घालावा असं मला फार वाटलं. त्यांनी म्हणावं, एक फुटली तर चार शाबूत आहेत. त्यांनी इंजिनियरला सौंसरच्या अकरा बल्ल्या सांगाव्या.  काकाजी टॉर्च बंद करून बाहेर ओसरीत गेले आणि खांबाला टेकून बसले. मी मागं गेलो.

"पाड बापू," ते म्हणाले. "भित चालून राहिली. इतके सालं मी तुले थांबली-थांबली म्हणत होतो. तुह्या आईले त्या खोलीत नको निजवू आता. जीवापेक्षा खांब मोठा नाई."

आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी ते भांडले ती त्यांनी एका काचेच्या शब्दावर सोडून दिली होती. आणि काच खोटं बोलत होती, माझ्यामुळे.

मी आत गेलो. इंजिनियरचं अर्धं पान लिहून झालं होतं.

"साहब, ते रीडिंग चुकीचं आहे," मी म्हणालो. "ती काच कपाटानं फुटली. काल. मी घसटत नेलं."

त्यानं पेन थांबवलं. "तो पहले क्यों नहीं बताया?"

 बायको माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहणं टाळलं आणि म्हणालो, "बाकीच्या चार पाहा. फुटलेलीचे तुकडे पाहा, मधे फट नाही." त्यानं पाहिलं. तो प्रामाणिक होता. त्यानं पान फाडलं, घडी करून खिशात ठेवलं आणि चहा न घेता गेला. जाताना म्हणाला की असला तडा त्याच्या स्वतःच्या घरात पण आहे.

काकाजी दारात उभे होते. सगळं ऐकलेलं होतं. मला वाटलं आता डोळे पुसतील, पाठीवर हात ठेवतील. ते माझ्यावर असे ओरडले की सिस्टरबाई बाहेर आल्या.

"भरलं कपाट घसटते का कोणी? अबे, उचलाचं नाई तं खालून पोत्याचा बोरा टाकाचा! सागाच्या फळ्या आहेत खाली! फळ्यायवर ओरखाडे पाडले असतीन! हट, पाहू दे!" आणि गुडघ्यावर बसून टॉर्च लावून ते जमिनीवरचे ओरखडे मोजायला लागले. सात निघाले. प्रत्येक ओरखड्यागणिक त्यांचा आवाज जास्त आनंदी होत गेला.

बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतः काकाजींकडे गेली. काय बोलणं झालं ते मला तिनंच सांगितलं. ती म्हणाली होती, "काकाजी, भित थांबली आहे, मान्य. माह्या सासूचे पाय चालून नाई राहिले, त्याचं काय करता?"

हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही.  काकाजींनी म्हणे जुन्या वहीचं पान फाडून आमच्या घराचा नकाशा काढला, मापं न विचारता, सगळी तोंडपाठ. पुढची ओसरी, दोन खोल्या आणि माडी जशीच्या तशी. मागच्या पडवीच्या जागी अकरा बाय चौदा फुटांचं पक्कं बांधकाम. आत संडास-न्हाणी, आईच्या खोलीपासून सहा पावलं. वर स्लॅब, मिरच्यांसाठी.

"स्लॅब तुमी सांगान तशी नाई टाकाची हं," बायकोनं अट घातली.

"नाई, नाई. माह्याकून नाईच," ते म्हणाले. "मी फक्त पाया पाहीन."

आणि पाया त्यांनी असा पाहिला की ठेकेदार दोनदा काम सोडून गेला. पूर्वेच्या भिंतीलगत मशीन लावू दिलं नाही. हातानं खोदायचं, तेही एका वेळी फक्त तीन फूट. तीन फूट खोदलं की भरायचं, चार दिवस थांबायचं, मग मधली जागा सोडून पुढचे तीन फूट. जे काम चार दिवसांत व्हायचं त्याला एकतीस दिवस लागले. काकाजी रोज खुर्ची टाकून खड्ड्याच्या काठावर बसत.

"एवढं काहून?" बायकोनं वैतागून विचारलं.

"एकदम खोदलं का बाजूची भित बसते."

"तुमाले काय माहीत? बसली का कोणाची?"

"मले माहीत आहे," काकाजी म्हणाले आणि खड्ड्यात पाहत राहिले.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. तीन नंबरची नवी काच बसवायच्या दिवशी मी शिडीवर होतो आणि काकाजी खालून सूचना देत होते. शिडीवरून मी पहिल्यांदाच एक नंबरची काच नीट पाहिली. सगळ्यात वरची, सगळ्यात जुनी. तिच्यावर चुन्याचे शिंतोडे होते, ते मी पुसले. तारीख ज्येष्ठातली होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा असेन.

संध्याकाळी त्यांच्या घरावरून जाताना मी दारावरचा दगड वाचला. तसा तो मी हजार वेळा पाहिलेला आहे. वास्तुशांतीची तारीख, त्याच वर्षीची, कार्तिकातली. मधे पाच महिने अकरा दिवस. पाया खोदून घर उभं राहायला साधारण तेवढेच दिवस लागतात.

तडा ज्या भिंतीला आहे ती त्यांच्याकडची भिंत.

मला वडील आठवले. मी लहान असताना विचारायचो, हे काका दरवर्षी आपल्या भिंतीवर टॉर्च का मारतात? वडील म्हणायचे, "येऊ दे त्याले. त्याच्या मनाचं आहे ते." वडिलांना ठाऊक होतं. त्यांनी ना कधी भांडण केलं, ना कधी बोलून दाखवलं, आणि काकाजींनी ना कधी माफी मागितली. एकानं काच लावली, दुसऱ्यानं लावू दिली. चाळीस वर्षांत दोघांमधे एवढाच व्यवहार.

मीही विचारलं नाही. मीटर वाचायला गेलेल्या माणसानं घरातल्या गोष्टी विचारायच्या नसतात. पण पुढच्या पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा टॉर्च मी धरली.

नंतर त्यांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधे. तिकडून दर पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी बरोबर आठ वाजता फोन यायचा.

"किती फुटल्या?"

"एकही नाही, काकाजी."

"बोट फिरवून पाह्यलं का नुसतं डोळ्यानं?"

"बोट फिरवून."

मग थोडं थांबून, "कपाट?"

"जाग्यावर आहे."

"हलवाचं असन तं बोरा टाकजो." आणि फोन बंद.

मागच्या माघात ते गेले. मी आणि बायको भेटायला नागपूरला गेलो. मुलगा सभ्य माणूस आहे, वडिलांवर त्याचा जीव होता. त्यानं त्यांची खोली दाखवली. स्वच्छ, पांढरी, न गळणारी. खुंटीवर शर्ट होता, खिसा लोंबलेला. आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून वर गेलेला प्लास्टरचा केसाएवढा तडा होता, सगळ्या नव्या इमारतींत असतो तसा. त्यावर आडवी, बोटभर रुंद काच. क्रमांक एक. तारीख बारीक ब्रशनं, थोडी वाकडी.

"बाबांचं काहीतरी," मुलगा संकोचून म्हणाला. "पुढच्या आठवड्यात पेंटर येतोय. काढून टाकू ना? तुम्हाला हवी असेल तर घेऊन जा."

मी काचेवरून बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठं अडलं नाही.

"राहू द्या," मी म्हणालो. "पेंटरला म्हणा, बाजूनं मार. एक पावसाळा जाऊ द्या. पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी मी येऊन पाहतो. आठ वाजता आमच्याकडचं असतं, इथं यायला दुपार होईल."

 मुलानं मान डोलावली.

परतीच्या बसमधे बायको खिडकीशी बसली होती. सावनेर मागं गेल्यावर म्हणाली, "टॉर्च आणली नव्हती ना तुमी?"

"नाही."

"पुढच्या खेपेले आणा," ती म्हणाली. "नुसत्या बोटानं काय समजते."